बारीक टाइपातलं नाव

दिवाळीत मामाच्या गावाला, दर्यापूर तालुक्यात, आम्ही सगळे जमलो होतो. मामेभावाचा यंदाच अकोल्यात एमबीबीएसला नंबर लागलेला, त्यामुळे ओसरीवर दुसरा विषयच नव्हता. पुढे कशात स्पेशालिस्ट व्हायचं? मोठे काका म्हणाले, हृदयाचा हो. काकूंना मेंदूचा डॉक्टर पाहिजे होता. मग कोणीतरी म्हणालं, आपल्या भागात पैसा कमवायचा असंल तर मुतखड्याचा डॉक्टर हो बाप्पा, पेशंट कधी कमीच पडणार नाहीत. झालं, सगळे खो-खो हसले. भाऊसुद्धा हसला. त्याला ते करायचं नाही हे त्याच्या हसण्यातूनच कळत होतं.

आबाजी हसले नाहीत. ते उठून गोठ्याकडे गेले.

महिनाभराने रात्री दोन वाजता त्यांना गाडीत घालून अमरावतीला न्यावं लागलं. लघवी पूर्ण अडली होती. नळी टाकल्यावर जीव भांड्यात पडला. मग हळूहळू बाहेर आलं की दीड वर्ष ते रात्रीतून चार-पाच वेळा उठत होते, जोर लावल्याशिवाय होत नव्हतं, आणि हे त्यांनी घरात एका माणसाला सांगितलं नव्हतं. प्रोस्टेट वाढलेलं. गुडघा दुखला की अख्ख्या गावाला सांगणारे आमचे आबाजी या एका गोष्टीवर मात्र गप्प बसले.

ओसरीवरचा तो विनोद चुकीचा होता असं नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगाला अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आपला खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. घामातून पाणी जातं, शेतात गेलेली बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण प्यायली तर जायचं कुठे? लघवी घट्ट झाली की तिच्यातले क्षार खाली बसतात, खडा धरतो. खाऱ्या पाण्याचा त्यात नेमका किती वाटा, हा वेगळा वादाचा विषय. पण मुतखडा झालेला नातेवाईक नाही असं घर आपल्याकडे शोधावं लागेल. तरी त्याचा डॉक्टर होणं म्हणजे हसण्याचा विषय.

म्हणून या वेळच्या पानासाठी मी एक माणूस निवडलाय. तो यूरोलॉजिस्ट नव्हता. त्याच्या काळात भारतात ही शाखा वेगळी अशी नव्हतीच. पण मेडिकलची मुलं शरीराचा हा झाकलेला भाग ज्या चित्रांवरून शिकली ती त्याने काढली, आणि मुतखडा म्हणजे नेमकं काय हे त्याने मुंबईत बसून मायक्रोस्कोपखाली पाहिलं. त्याचं पुस्तक जगातल्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात माहीत आहे. नाव मात्र दुसऱ्याचं आहे.

ग्रेज अ‍ॅनाटॉमी. आपल्यातल्या बऱ्याच जणांना आधी ती अमेरिकन सिरीयल आठवते. तिच्या नावातल्या ‘ग्रे’चं इंग्रजी स्पेलिंग जरा वेगळं आहे, पण कोटी याच पुस्तकावरची. भाऊ म्हणतो, परीक्षेसाठी सगळे चौरसियाच वाचतात, ग्रे कपाटात शोभेला. असेल. पण ग्रे म्हणजे हेन्री ग्रे, लंडनचा सर्जन, त्याने मजकूर लिहिला. पहिल्या आवृत्तीतली ३६३ चित्रं काढणाऱ्याचं नाव हेन्री व्हँडाइक कार्टर. गोष्ट याची आहे. (मुंबईत उतरला तेव्हा तो २६ वर्षांचा होता, माझ्यापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठा. म्हणून मी त्याला ‘तो’च म्हणते. मोठ्यांनी रागावू नये.)

कार्टरचा जन्म २२ मे १८३१ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावातला. वडील चित्रकार होते, समुद्राची चित्रं काढायचे. मधलं नाव ‘व्हँडाइक’ हेही एका जुन्या मोठ्या चित्रकाराचं. भाऊही पुढे चित्रकारच झाला. अशा घरातला हा मुलगा सतराव्या वर्षाच्या आसपास लंडनला सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकायला गेला. पैसा बेताचा, स्वभाव बुजरा. त्याच्या डायऱ्या आजही लंडनमध्ये जपून ठेवल्या आहेत, आणि त्यावर ज्यांनी लिहिलंय ते सगळे सांगतात की हा पोरगा स्वतःवर कायम नाराज असायचा. आज अभ्यास कमी झाला, आज देवाचं नाव मनापासून घेतलं नाही, आज वेळ वाया गेला. आपल्यातला प्रत्येक जण परीक्षेच्या आदल्या रात्री जे स्वतःला ऐकवतो, ते हा रोज लिहून ठेवायचा.

हात मात्र वडिलांचा होता. डिसेक्शनच्या टेबलावर जे दिसेल ते हुबेहूब कागदावर. हे ग्रेने हेरलं. ग्रे त्याच्यापेक्षा थोडा मोठा, हुशार, देखणा आणि पुढे जायची घाई असलेला. आधी ग्रेने प्लीहेवर एक निबंध लिहून मोठं बक्षीस मिळवलं होतं. त्यातली चित्रं कार्टरची होती. पुस्तक निघालं तेव्हा त्याचे आभारही मानलेले नव्हते. तरीही ग्रेने विद्यार्थ्यांसाठी स्वस्त, स्पष्ट, सर्जरीला उपयोगी पडेल असं शरीररचनेचं पुस्तक करायचं ठरवलं, तेव्हा कार्टर पुन्हा त्याच्यासोबत बसला. का, ते मला कळत नाही. पण कॉलेजच्या मॅगझिनसाठी रात्रभर जागून डिझाईन करणारी आणि संपादकाच्या यादीत नाव नसलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे फार आश्चर्यही वाटत नाही.

साधारण दीड वर्ष दोघांनी शवं उघडली. ही शवं कोणाची, तर गरिबांची. १८३२ च्या इंग्लंडमधल्या कायद्याने, ज्यांच्यावर हक्क सांगायला कोणी येत नाही अशा, अनाथगृहांत नाहीतर हॉस्पिटलांत मेलेल्या माणसांची शरीरं मेडिकल शाळांना मिळत. त्या पुस्तकात ग्रेचं नाव मोठं, कार्टरचं लहान, आणि या माणसांचं कुठेच नाही.

कार्टर थेट लाकडी ठोकळ्यावर काढायचा, आणि तेही उलटं. म्हणजे छापल्यावर सुलटं दिसेल असं. डाव्या हाताची रक्तवाहिनी ठोकळ्यावर उजवीकडे. मग कारागीर ती रेघ न् रेघ कोरायचे. आणि त्याने एक साधी गोष्ट केली जिच्यामुळे पुस्तक टिकलं. तोवरच्या बऱ्याच पुस्तकांत चित्रावर क, ख, ग अशी अक्षरं असत आणि त्यांचा अर्थ खाली किंवा दुसऱ्याच पानावर. कार्टरने नावं चित्रातच लिहिली, स्नायूच्या अंगावर, नसेच्या वळणासोबत वळवून. नकाशात नदीवर नदीचं नाव असतं तसं. रात्री दिव्याखाली वाचणाऱ्या पोराला पान उलटावं लागू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपला विषय. त्या काळच्या सर्जनला शरीराचा कुठला भाग सगळ्यात पक्का लागायचा माहितेय? दोन मांड्यांच्या मधली, गुदद्वाराच्या पुढची जागा. कारण मूत्राशयातला खडा काढायचा तर चाकू तिथून आत जायचा. आजही ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटला पाठीवर झोपवून पाय वर बांधतात, त्या अवस्थेला लिथॉटॉमी पोझिशन म्हणतात. बाळंतपणातसुद्धा हेच नाव वापरतात. लिथॉटॉमी म्हणजे खडा काढण्यासाठी चिरणं. आत एक धमनी चुकून कापली की पेशंट संपला. मूत्रमार्ग, प्रोस्टेट, मूत्राशय आणि मागचं आतडं हे सगळं बोटभर जागेत. ग्रेच्या पुस्तकात या भागाची सर्जरीच्या अंगाने वेगळी माहिती होती, चित्रांसह, आणि कुठे चाकू वळवायचा नाही हेही होतं.

ही भीती फार जुनी. ग्रीकांच्या हिप्पोक्रेटसच्या शपथेत डॉक्टर वचन देतो की खड्यासाठी मी चिरणार नाही, ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडेन. म्हणजे डॉक्टरीतली पहिली ‘स्पेशालिटी’ शोधायची तर हृदयाची नाही आणि मेंदूचीही नाही, खड्याची निघते! आपल्या सुश्रुतसंहितेत खडा काढायची शस्त्रक्रिया आहे, आणि तिच्या आधी विद्यार्थ्याने हात कसा बसवायचा हेही आहे. कोहळा, दुधी, काकडी चिरून बघायचं, पाण्याने भरलेली कातडी पिशवी किंवा जनावराचं मूत्राशय भेदून बघायचं. त्याशिवाय माणसाला हात लावायचा नाही. आजच्या मुलांना रबरी मॉडेल आणि सिम्युलेटर असतात. कल्पना तीच.

पुस्तक ऑगस्ट १८५८ मध्ये लंडनला निघालं. हिशोब असा होता की दर हजार प्रतींमागे ग्रेला १५० पौंड, आणि कार्टरला सगळ्या चित्रांचे मिळून एकदाच १५० पौंड. पुढच्या आवृत्त्यांचा एक पैसा नाही. त्याहून लागणारी गोष्ट मुखपृष्ठाच्या आतल्या पानाची. प्रुफात दोघांची नावं सारख्या आकाराच्या अक्षरांत होती. ग्रेने त्यावर खुणा करून कार्टरचं नाव बारीक टाइपात घ्यायला लावलं, आणि नावापुढचं त्याचं मुंबईचं नवं पद काढून टाकलं. (आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात की बायलाइन हा पत्रकाराचा पगाराहून मोठा पगार. तेव्हा हसले होते.) ग्रे तीनच वर्षांत, १८६१ मध्ये, देवीच्या रोगाने गेला. अवघा ३४ वर्षांचा. पुस्तक त्याच्या नावाने आजतागायत चालू आहे.

कार्टर हे पाहायला लंडनमध्ये नव्हता. पुस्तक निघायच्या आधीच तो परीक्षा देऊन सरकारी वैद्यकीय नोकरीत शिरला आणि १८५८ च्या मार्चमध्ये मुंबईला उतरला. उत्तरेत उठाव अजून पुरता शमलेला नव्हता. त्याला काम मिळालं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये, शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायचं. आज आपण ज्याला जेजे म्हणतो तेच. कॉलेज १८४५ चं. डॉ. भाऊ दाजी लाड तिथल्याच पहिल्या तुकडीतले. म्हणजे कार्टर आला तेव्हा या कॉलेजातून आपल्याकडची मुलं डॉक्टर होऊन बाहेर पडायला लागून जेमतेम सात वर्षं झाली होती. विचार करा, ज्या माणसाने ग्रेज अ‍ॅनाटॉमी काढलं तो माणूस मुंबईतल्या पोरांना फळ्यावर मूत्राशय काढून दाखवत होता, आणि ते पुस्तक अजून बोटीत होतं.

त्या कॉलेजच्या संग्रहालयात खडे होते. ऑपरेशनमध्ये काढलेले, ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून आलेले. तेव्हाचा मुतखडा म्हणजे बहुतेक वेळा मूत्राशयातला, आणि पेशंट बऱ्याचदा लहान मुलगा. गरिबाघरचा, नुसत्या धान्यावर वाढलेला, दूध क्वचित. खडे सुपारीएवढे, कधी लिंबाएवढे. दुसऱ्या कोणी ते मोजून फडताळात ठेवून दिले असते. कार्टरने ते कापले. संग्रहातल्या खड्यांवर त्याने मुंबईच्या वैद्यकीय मंडळाच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि भारतातल्या खड्यांबद्दल आपली निरीक्षणं मांडली. मग तो विषय त्याने सोडलाच नाही.

खड्यात काय असतं हे रसायनवाल्यांना बरंच कळलं होतं. १७७६ मध्येच शेले नावाच्या स्वीडिश माणसाला खड्यात यूरिक अ‍ॅसिड सापडलेलं. कार्टरचा प्रश्न वेगळा होता. खडा वाढतो कसा? त्यासाठी त्याने खड्याचे इतके पातळ काप केले की त्यातून उजेड आरपार जाईल, आणि ते मायक्रोस्कोपखाली धरले. आत झाडाच्या खोडासारखे थर. मधे एक बी, तिच्याभोवती कडी, कड्यावर कडं, आणि क्षारांना धरून ठेवणारा चिकट सेंद्रिय पदार्थ. नुसती माती साचून झालेला गोळा नव्हे तो. त्याची घडण होती. हे सगळं त्याने १८७३ मध्ये पुस्तक करून छापलं, मूत्रखड्यांची सूक्ष्म रचना आणि ते तयार कसे होतात यावर. या वेळी नाव त्याचं एकट्याचं होतं. त्या पुस्तकाचं नाव आज किती जणांना माहीत आहे, ते सोडा. आज डॉक्टर खडा काढल्यावर तो फेकू नका, तपासायला द्या म्हणतात, कारण तो कशाचा आहे यावर पुढचं पथ्य ठरतं. ती सवय अशाच लोकांनी लावली.

मधली नऊ वर्षं, १८६३ ते १८७२, तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, तुरुंगाची जबाबदारीही होती. मोठ्या शहरातून जिल्ह्याच्या गावी बदली. आपल्याकडे अशी बदली म्हणजे शिक्षाच समजतात. घरातही ठीक नव्हतं, मुंबईत घाईने केलेलं लग्न फसलं होतं, बायको वेगळी झाली होती. पण मला वाटतं या माणसाचं खरं काम जिल्ह्यातच पिकलं. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणारा एक विचित्र रोग असतो, पाय सुजून भोकं पडतात, त्यातून दाणे बाहेर येतात. काटा रुतला, दगड लागला, तिथून बुरशी आत शिरते. त्याला मायसेटोमा हे नाव कार्टरने दिलं, त्यावर पुस्तकही लिहिलं, चित्रं अर्थात स्वतःची. ते नाव आजही तेच आहे.

पुढचं भराभर सांगते, नाहीतर पान पुरणार नाही. रजेवर असताना १८७३ मध्ये तो कुष्ठरोग पाहायला नॉर्वेला गेला. त्याच वर्षी तिथे हॅन्सनला कुष्ठरोगाचा जंतू दिसला होता. कुष्ठरोग रक्तातून किंवा पापातून येत नाही, तो लागतो, हे कार्टर भारतात परतून सांगत राहिला, काठेवाडात गावोगाव फिरून त्याने पाहणी केली. आपल्या अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांनी तपोवन उभं केलं १९४६ मध्ये, त्याच्या सत्तर वर्षं आधीची ही गोष्ट. मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ. दख्खनमधून उपाशी माणसं मुंबईत आली आणि त्यांच्यात उलटून-उलटून येणारा ताप पसरला. कार्टरने त्यांच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि त्यात वळवळणारे स्क्रूसारखे जंतू पाहिले. भारतात एखाद्या रोगाचा जंतू असा डोळ्यांनी पाहणाऱ्या अगदी पहिल्या लोकांतला तो. १८८२ मध्ये त्याचं या तापावरचं पुस्तक निघालं. ग्रँट मेडिकल कॉलेजचा तो प्राचार्यही झाला. १८८८ मध्ये तीस वर्षं नोकरी करून इंग्लंडला परतला, साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा लग्न केलं, आणि ४ मे १८९७ ला स्कारबरो गावात क्षयाने वारला. क्षय! जंतूंच्या मागे आयुष्यभर फिरलेला माणूस.

तो भारतात असतानाच खड्याचा इलाज बदलत गेला, तेही सांगायला हवं, कारण आजचा यूरोलॉजिस्ट तिथून सुरू होतो. पॅरिसमध्ये सिव्हिआल नावाच्या डॉक्टरने १८२४ मध्ये न चिरता, लघवीच्या वाटेने हत्यार घालून खडा आतच फोडून दाखवला होता. १८७८ मध्ये बॉस्टनच्या बिगेलोने एकाच बैठकीत फोडून चुरा धुऊन काढायची पद्धत बसवली. लहान मुलाची वाट इतकी अरुंद, तिथे हे जमायचं नाही असं सगळे धरून चालले होते. ते जमतं हे दाखवलं कीगन नावाच्या डॉक्टरने, आणि कुठे, तर होळकरांच्या इंदूरला. कारण तसे पेशंट तिथे रांगेने होते. ज्या गावात रोग जास्त, तिथे तो शिकायची सोयही जास्त. अकोल्या-अमरावतीच्या मुलांनी हे ऐकून ठेवायला हरकत नाही.

आता सरळ करिअरचं. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग परीक्षा देऊन जनरल सर्जरीत एमएस, तीन वर्षं. मग सुपरस्पेशालिटीची नीट, आणि एमसीएच यूरोलॉजी, आणखी तीन वर्षं. कुठे अडकलं नाही तरी तिशी येते. (माझी इंटर्नशिप दोन महिन्यांची आहे आणि मला तीच लांब वाटतेय.) अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या नावाचं मेडिकल कॉलेज १९८४ पासून आहे, अकोल्याचं सरकारी २००२ चं, अमरावतीचं सरकारी २०२४ मध्ये सुरू झालं. म्हणजे पहिली पायरी आता घराजवळ आहे. पुढच्या पायऱ्यांसाठी बॅग भरावी लागते.

आणि तयारी पहिल्याच वर्षी सुरू होते, कारण ओटीपोटाची रचना ज्याची कच्ची राहिली त्याला पुढे दुर्बिणीच्या पडद्यावर काहीच ओळखू येत नाही. आजचा यूरोलॉजिस्ट पाठीतून पेन्सिलएवढ्या भोकातून किडनीत शिरतो, नाहीतर लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण नेऊन लेझरने खडा भाजून फोडतो. हात बाहेर, डोळे पडद्यावर, डावं-उजवं डोक्यात. कार्टर ठोकळ्यावर उलटं काढायचा ते आठवतं. पण एवढंच नाही. किडनी बदलणं, कॅन्सर, बाळांचे जन्मतःचे दोष, मूल न होणारी जोडपी, बाळंतपणानंतर लघवी थांबवू न शकणाऱ्या बाया, हे सगळं याच शाखेत. यातल्या अर्ध्या गोष्टी पेशंट आपल्या तोंडाने सांगत नाही. तो पोट दुखतं म्हणून येतो, खाली बघतो, सोबतच्या सुनेला बाहेर थांब म्हणतो. त्याला बोलतं करायची परीक्षा कुठल्याच नीटमध्ये नाही.

जानेवारीत आबाजींचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, चिरा नाही. चौथ्या दिवशी घरी. पुढच्या रविवारी भाऊ गावी आला तो जर्नल पूर्ण करायचं घेऊनच. ओसरीवर पालथा पडून पेन्सिलीने काढत बसला होता, मूत्राशय, खाली प्रोस्टेट, त्यातून जाणारी नळी. त्याचा हात काही कार्टरचा नाही, मूत्राशय वांग्यासारखं झालं होतं. आबाजी काठी टेकत आले, चष्मा लावून वाकले आणि हे काय आहे म्हणून विचारलं. भावाने आधी इकडेतिकडे पाहिलं. मामी आत होती, मी मोबाईलमध्ये असल्याचं सोंग करत होते. मग त्याने सांगायला सुरुवात केली. हे वाढतं, मग ही वाट दाबली जाते, मग वरच्या पिशवीला जोर लावावा लागतो.

आबाजींनी चित्रावर बोट ठेवलं, बरोबर जिथे वाट अरुंद काढली होती तिथे, आणि त्या दीड वर्षातल्या रात्रींचं सांगायला लागले. अर्धा तास सांगत होते. भाऊ मधे-मधे काहीतरी विचारत होता, आणि जर्नलच्या कडेला बारीक अक्षरात लिहून घेत होता.